एका संख्येचे प्रारब्ध

दिवाळीच्या दिवसांत घरात माणसे पुष्कळ असतात आणि कामे थोडी; निदान पुरुषमंडळींना तरी असेच वाटत असते. अभ्यंगस्नान उरकलेले असते, फराळाच्या ताटल्या एकदा रिकाम्या होऊन पुन्हा भरलेल्या असतात, आणि दुपारच्या जेवणाला अजून दोन तास अवकाश असतो. अशा वेळेसाठी एक खेळ मी आज वाचकांच्या हाती देणार आहे. त्याला पट लागत नाही, पत्ते लागत नाहीत, जोडीदारही लागत नाही. एक पेन्सिल आणि चिवड्याचे तेल न लागलेला एक कागद एवढे साहित्य पुरे.

कोणतीही चार अंकी संख्या घ्या. चारही अंक सारखे नसावेत, एवढीच अट. ते अंक मोठ्याकडून लहानाकडे असे उतरत्या क्रमाने मांडा. त्याखाली तेच अंक चढत्या क्रमाने मांडा आणि वरच्या संख्येतून खालची वजा करा. जी बाकी येईल तिच्यावर पुन्हा हेच करा. मध्ये कोठे शून्य आले तर त्यालाही त्याची जागा द्या. शून्य म्हणून त्याला गाळू नका. उदाहरणादाखल आमच्या वाशीम जिल्ह्याचे जन्मवर्ष घेऊ. १ जुलै १९९८ रोजी हा जिल्हा अकोल्यापासून वेगळा झाला. १९९८ चे अंक उतरते मांडले तर ९९८१ आणि चढते मांडले तर १८९९. वजाबाकी ८०८२. आता ८८२० मधून ०२८८ गेले, राहिले ८५३२. पुन्हा ८५३२ मधून २३५८ गेले, राहिले ६१७४. पुढे जाऊ म्हटले तर ७६४१ मधून १४६७ जातात आणि पुन्हा ६१७४ च उरतात. येथे गाडी थांबली. कितीही वजाबाक्या केल्या तरी ती आता या जागेवरून हलणार नाही.

यात नवल ते काय, असे कोणी म्हणेल. नवल पुढेच आहे. आजोबांनी आपले जन्मवर्ष घ्यावे, सूनबाईंनी लग्नाचे वर्ष घ्यावे, धाकट्याने मनाला येईल ती संख्या घ्यावी. सगळ्यांच्या कागदावर शेवटी ६१७४ च उमटेल. कोणाला दोन पायऱ्या लागतील, कोणाला पाच. पण सातांहून अधिक कोणालाच लागणार नाहीत. जो म्हणेल की माझे उत्तर निराळे आले, त्याची वजाबाकी तपासून पाहावी. हातचा कोठे तरी चुकलेला असतो.

ही संख्या ज्यांनी शोधून काढली ते दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर हे आपल्यातलेच एक शाळामास्तर. जन्म १९०५ साली डहाणूचा. वडील कारकून होते आणि त्यांना ज्योतिषाचा नाद होता. पत्रिका मांडणाऱ्याच्या घरी आकडेमोड ही सकाळच्या चहासारखी नित्याची असते; मुलाने ग्रह सोडून दिले आणि आकडे तेवढे ठेवून घेतले. ठाण्याला शाळा झाली, पुण्याला फर्ग्युसन महाविद्यालयात शिक्षण झाले. १९२७ साली रँग्लर परांजपे यांच्या नावाचे गणिताचे पारितोषिक त्यांना मिळाले, १९२९ साली मुंबई विद्यापीठाची बी. एस्सी. पदवी मिळाली, आणि १९३० पासून १९६२ पर्यंत त्यांनी नाशिकजवळच्या देवळालीच्या शाळेत शिकवले. याहून मोठी पदवी त्यांनी घेतली नाही. १९४६ च्या सुमारास त्यांना ही संख्या सापडली, १९४९ मध्ये मद्रासच्या गणित परिषदेत त्यांनी ती विद्वानांपुढे ठेवली, आणि १९५५ मध्ये ‘स्क्रिप्टा मॅथेमॅटिका’ या परदेशी नियतकालिकात तिच्यावरचे त्यांचे टिपण छापून आले.

त्यांच्या पोतडीत अशा चिजा कितीतरी होत्या. ५५ चा वर्ग ३०२५. त्याचे दोन तुकडे करून ३० आणि २५ मिळवले की पुन्हा ५५. ७०३ चा वर्ग ४९४२०९. ४९४ आणि २०९ यांची बेरीज ७०३. अशा संख्यांना आज जगभर कापरेकर संख्या म्हणतात. जी संख्या आपल्याच अंकांच्या बेरजेने निःशेष भागली जाते तिला त्यांनी हर्षद हे नाव दिले. हर्ष देणारी ती हर्षद. आपली ६१७४ ही हर्षदच आहे. तिच्या अंकांची बेरीज १८, आणि १८ ने भागले की येतात ३४३, म्हणजे सात गुणिले सात गुणिले सात. इतकेच नव्हे, तर १८, १८ चा वर्ग ३२४ आणि १८ चा घन ५८३२ या तिघांची बेरीजही ६१७४ च होते. आपल्याकडच्या काही गणितज्ञांना हा सारा उद्योग पोरखेळ वाटला आणि त्यांनी त्याकडे फारसे लक्ष दिले नाही. पुढे मार्च १९७५ मध्ये अमेरिकेतील मार्टिन गार्डनर यांनी ‘सायंटिफिक अमेरिकन’ मासिकातील आपल्या सदरात कापरेकरांविषयी लिहिले आणि देवळालीच्या मास्तरांचे नाव जगाला कळले. १९८६ मध्ये ते वारले.

त्यांचे जन्मवर्ष घेऊन मी एकदा हा खेळ मांडला. १९०५ पासून निघालो तर ९३५१, ८१७२, ७४४३, ३९९६, ६२६४, ४१७६ आणि मग ६१७४. बरोबर सात पायऱ्या! जितक्या अधिकात अधिक लागू शकतात तितक्या. वडील ज्योतिषी वृत्तीचे असल्याने त्यांनी यातून काहीतरी अर्थ काढला असता. मी काढत नाही. कारण असा अर्थ काढण्याच्या नादात माझ्या हातून एक चूक झाली होती, आणि आज लिहायला बसलो आहे तो तिच्यासाठीच.

माझे स्वतःचे गणित मॅट्रिकच्या पलीकडे गेले नाही. कादंबऱ्या लिहितो, शाळेत शिकवतो. कादंबरीकाराला एक खोड असते. त्याला प्रत्येक गोष्टीत तात्पर्य दिसते. सहामाही परीक्षेच्या आधीचा एक दिवस होता. मुले कंटाळली होती, म्हणून मी हा खेळ फळ्यावर मांडला. वर्गात चाळीस मुले, चाळीस निरनिराळ्या संख्या. अर्ध्या तासात सगळीकडून एकच ओरड: “सहा हजार एकशे चौऱ्याहत्तर!” मुलांच्या डोळ्यांतला तो उजेड पाहून मलाही चेव आला. मी म्हणालो, “पाहिलेत ना? कोणी एक हजारापासून निघाले, कोणी नऊ हजारापासून. कोणाला दोन पायऱ्या लागल्या, कोणाला सात. पण शेवटी सारे एकाच ठिकाणी पोचले. मनुष्याचेही असेच आहे. आरंभ कोठून झाला याचा विचार करू नये. ज्याने त्याने आपापली पायरी चढावी. ठिकाण ठरलेले आहे.”

व्याख्यान मला स्वतःला फार आवडले. तेवढ्यात मागच्या बाकावरचा एक मुलगा उभा राहिला. सहसा न बोलणारा. तो म्हणाला, “मंग गुरुजी, सारं पयलेपासूनच ठरेल हाय काय? आपलं कोनाचं काईच चालत नाई?”

वर्ग हसला. मीही हसलो, आणि म्हणालो, “आधी पाढे पाठ कर, मग तत्त्वज्ञान सांग.” तो खाली बसला. घंटा झाली.

मुलगा खेड्यावरून येणारा. वडिलांची कोरडवाहू जमीन तीन एकर. सोयाबीनच्या सोंगणीच्या दिवसांत तो सकाळी शेतात राबून, मिळेल त्या वाहनाने शाळेत येत असे. आमच्या भागात पीक हातचे गेले, की शेजारीपाजारी समजूत घालायला येतात आणि बहुधा एकच वाक्य बोलून जातात: नशिबात होते ते झाले. ते वाक्य त्याने घरी ऐकले असणार. शाळेत तरी काही निराळे ऐकायला मिळेल म्हणून तो येत होता, आणि मी गणिताचा पुरावा जोडून तेच वाक्य त्याला परत दिले. शिवाय त्याने शंका विचारली तेव्हा त्याला हसण्यावारी नेले. त्या रात्री मला झोप लागली नाही. त्याचा प्रश्न खरा होता, आणि त्याचे उत्तर मला ठाऊक नव्हते.

उत्तर शोधायचे तर ही संख्या अशी का वागते ते आधी समजले पाहिजे. चार-पाच संध्याकाळ कागद काळे केल्यावर एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. ती इतकी साधी आहे की गणितात पुढे गेलेल्या माणसाला ती पाच मिनिटांत दिसली असती. चार अंकांपैकी सर्वांत मोठा आणि सर्वांत लहान यांच्यात जे अंतर असेल त्याला ९९९ ने गुणा. मधल्या दोन अंकांतील अंतराला ९० ने गुणा. दोहोंची बेरीज म्हणजेच आपल्या वजाबाकीचे उत्तर. ६१७४ मध्ये मोठा ७, लहान १, अंतर ६. सहा वेळा ९९९ म्हणजे ५९९४. मधले ६ आणि ४, अंतर २. दोन वेळा ९० म्हणजे १८०. बेरीज ६१७४. म्हणजे मूळ संख्या काय होती याला पहिल्या वजाबाकीनंतर काही महत्त्वच उरत नाही. उरतात ती दोन अंतरे. मोठे अंतर १ पासून ९ पर्यंत असू शकते, आणि मधले अंतर शून्यापासून, फार तर मोठ्या अंतराइतके. मोजून पाहिले तर अशा जोड्या अवघ्या ५४ होतात. पुढे शून्ये असलेल्या धरून चारही अंक सारखे नसलेल्या ९९९० संख्या आहेत. त्या सगळ्या पहिल्याच पायरीला चाळणीतून गळून ५४ उत्तरांत येऊन पडतात. त्या ५४ पैकी एकच उत्तर असे आहे की ज्यावर पुन्हा तीच क्रिया केली तर ते बदलत नाही. बाकीची त्रेपन्न घरंगळत तेथेच येतात. चमत्कार म्हणून जे वाटत होते ते चोपन्न बेरजांत तपासून पाहता येते.

दुसऱ्या दिवशी ते चोपन्न आकडे मी वर्गात वाटले. प्रत्येकाने फळ्याशी यायचे, आपला आकडा लिहायचा, तो पुढे कोणत्या आकड्यात जातो ते बाणाने दाखवायचे. फळ्यापुढे मुलांची झुंबड उडाली. मला उभे राहायला जागा राहिली नाही, म्हणून मी मागे जाऊन शेवटच्या बाकावर बसलो. बाक त्याच मुलाचा होता. तो अजून आला नव्हता.

बसलो, आणि फळ्यावर पाहिले, तर मला काही दिसेना. डाव्या खिडकीतून ऊन सरळ फळ्यावर पडत होते आणि त्या कोपऱ्यातून अर्धा फळा नुसता चकाकत होता. आकडा आठाचा की तिनाचा ते कळायला मार्ग नव्हता. इतकी वर्षे मी त्या वर्गात शिकवत होतो, पण त्या जागी कधी बसलो नव्हतो.

माझ्या वर्गाचा एक नियम होता आणि त्याचा मला अभिमान वाटे. प्रार्थनेनंतर जो येईल त्याने मागे बसायचे. दर महिन्याच्या चाचणीनंतर गुणांप्रमाणे बाक पुन्हा लावायचे. अधिक गुणांचे पुढे, कमी गुणांचे मागे. नियम सर्वांना सारखा. त्यात कोणाची जात पाहिली जात नव्हती, कोणाच्या वडिलांचा हुद्दा पाहिला जात नव्हता. तरी दिवाळीची सुट्टी लागेपर्यंत मागचे दोन बाक दर वर्षी खेड्यावरून येणाऱ्या मुलांनीच भरलेले असत. जून महिन्यात त्यांतला एखादा चांगला चुणचुणीत दिसे. ऑक्टोबरपर्यंत तोही तेथेच येऊन पोचे. मी सहकाऱ्यांजवळ म्हणत असे, “काय करणार, या मुलांना गणिताचे डोकेच नसते.” आता त्या बाकावर बसल्यावर मला पायऱ्या दिसू लागल्या. उशीर झाला की मागचा बाक; मागच्या बाकावरून फळा दिसत नाही; फळा दिसत नाही म्हणून गुण कमी; गुण कमी म्हणून पुन्हा मागचा बाक. उतरत्या क्रमाने मांडा, चढत्या क्रमाने मांडा, वजा करा, पुन्हा तेच करा. मी वर्गात कापरेकरांचाच खेळ खेळत होतो, आणि जे उत्तर येई त्याला त्या मुलांचे प्रारब्ध म्हणत होतो.

त्या मुलाच्या प्रश्नाचे उत्तर मला तेथे सापडले असे मला वाटते. सगळ्या संख्या ६१७४ कडे जातात, हे त्या संख्यांच्या कपाळी लिहिलेले नाही. ते त्या नियमाच्या पोटात आहे. नियम बदला, ठिकाण बदलते. चाराऐवजी तीन अंक घेतले तर सगळी वाट ४९५ ला जाते. दोन अंक घेतले तर मुक्कामाचे गावच नाही. ९, ८१, ६३, २७, ४५ आणि पुन्हा ९ असे रहाटगाडगे फिरत राहते. सहा अंक घेतले तर थांबण्याच्या जागा दोन आहेत, ५४९९४५ आणि ६३१७६४, आणि त्यांशिवाय एक फेराही आहे. अंक चारच ठेवले पण मोजण्याची रीत बदलली तरी हेच. आपण दहांच्या गटाने मोजतो, कारण आपल्या हातांना दहा बोटे आहेत. आठच बोटे असती आणि आपण आठांच्या गटाने मोजत असतो, तर चार अंकांत जागच्या जागी थांबणारी एकही संख्या मिळाली नसती. हे मी कागदावर सारे पर्याय मांडून पाहिले आहे. तेव्हा ६१७४ च्या या कौतुकात थोडा वाटा आपल्या बोटांचाही आहे.

मग हे सारे खोटेच म्हणायचे काय? तसेही नाही. याविषयी विचार करताना मला आमच्या वाशीमचीच एक गोष्ट आठवते. वाकाटकांच्या काळी या गावाचे नाव वत्सगुल्म होते आणि त्यांच्या एका शाखेची ही राजधानी होती. लंकेपासून उज्जयिनीवरून मेरूपर्यंत जाणारी पृथ्वीची मध्यरेषा आपल्या जुन्या ज्योतिर्विदांनी कल्पिली होती, आणि भास्कराचार्यांनी आपल्या ‘करणकुतूहल’ ग्रंथात त्या रेषेवरची जी स्थाने सांगितली आहेत त्यांत वत्सगुल्माचे नाव आहे. वाशिमात मध्यमेश्वराचे देऊळ आहे ते याच श्रद्धेची खूण सांगते. लहानपणी मी तेथे उभा राहिलो की पृथ्वीच्या बरोबर मधोमध उभे असल्यासारखे वाटे आणि अंगावर काटा येई. पुढे नकाशा वाचायला शिकलो तेव्हा कळले की वाशीम उज्जैनच्या पूर्वेला एका अंशाहून अधिक सरकलेले आहे, आणि १८८४ पासून जगाने तो मान लंडनजवळच्या ग्रीनिचला दिला आहे. मनाला थोडे लागले. परंतु विचार केला तर ग्रीनिचच्या भूमीत तरी निराळे काय आहे? पृथ्वी गोल, तिच्यावर उभी रेघ कोठूनही आखावी. ती कोठून आखायची हे माणसांनी बसून ठरवले. मात्र एकदा ठरवल्यावर कोणते गाव कोणत्या रेखांशावर येते हे कोणाच्या इच्छेवर राहत नाही. राजाने हुकूम सोडला तरी उज्जैन आणि वाशीम यांच्यामधले अंतर तसूभरही हलणार नाही.

संख्यांचेही तसेच आहे. नियम मान्य केला की पुढे ६१७४ येणे अटळ आहे. तेथे कोणाचा वशिला चालत नाही, कोणाचे अश्रू चालत नाहीत. परंतु नियम घालण्याच्या आधीचा जो क्षण असतो, तेथे माणूस मोकळा असतो. प्रारब्ध आणि पुरुषार्थ यांचा वाद आपल्याकडे फार जुना आहे आणि तो मिटवण्याची माझी योग्यता नाही. मला एवढेच कळले की पुष्कळदा आपण ज्याला प्रारब्ध म्हणतो तो कोणीतरी, कधीतरी घातलेला आणि आता घालणाऱ्यासकट सर्वांच्या विस्मरणात गेलेला एक नियम असतो. निरनिराळ्या घरांतून, निरनिराळ्या गुणांची माणसे निघतात आणि वर्षानुवर्षे एकाच ठिकाणी येऊन पडतात असे दिसले, तर त्यांच्या कपाळाकडे पाहण्याआधी नियमाकडे पाहावे.

येथे मला स्वतःलाच पुन्हा आवरले पाहिजे. संख्येवरून माणसाविषयी बोलायला गेलो म्हणूनच पहिल्यांदा मी चुकलो. दुसऱ्यांदा तीच चूक उलट दिशेने करू नये. माणूस म्हणजे चार अंक नव्हेत. पाऊस वेळेवर न येणे हा माणसाने केलेला नियम नाही, आणि आजार, अपघात, मृत्यू यांपुढे ‘नियम बदला’ असे म्हणणे म्हणजे दुःखी माणसाच्या जखमेवर शहाणपण चोळणे होय. तेथे शेजाऱ्याने नशिबाचे नाव घेऊन पाठीवर हात ठेवला तर त्यात तत्त्वज्ञान नसते, माया असते. ती मी नाकारीत नाही. पण घरातल्या कोणी सर्वांच्या मागून जेवायचे, कोणाचे शिक्षण आधी थांबवायचे, कोणी मागच्या बाकावर बसायचे, या गोष्टी पावसासारख्या आभाळातून पडत नाहीत.

सुट्टीनंतर मी वर्गातला नियम बदलला. दर आठवड्याला सारे बाक एक जागा पुढे सरकतात आणि पहिला बाक शेवटी जातो. उशिरा येणाऱ्याची जागा त्याच्यासाठी रिकामी राहते. खिडकीला पडदा लावला. तो घरच्या जुन्या लुगड्याचा आहे. त्या मुलाला मी वर्गासमोर म्हणालो, “त्या दिवशी तू विचारलेस ते बरोबर विचारलेस. मी उत्तर दिले नाही ते माझे चुकले.” तो काही बोलला नाही, नखाने बाक कोरत राहिला. वार्षिक परीक्षेत त्याला शंभरपैकी शंभर गुण मिळाले असे लिहिण्याचा मोह मला कादंबरीकार म्हणून फार होतो. ते खरे नाही. त्याला बेचाळीस मिळाले. पूर्वी पंचवीसच्या आसपास मिळत.

कापरेकरांच्या या संख्येचा व्यवहारात काय उपयोग, असे मला पुष्कळ जण विचारतात. कापरेकरांनाही विचारीत असतील. तिने धान्य महाग होत नाही की स्वस्त होत नाही. त्यांनी तिचा शोध लावला तो आनंद म्हणून, आणि बत्तीस वर्षे शाळेत शिकवीत असता तो आनंद जपला, एवढे मला पुरेसे वाटते. माझ्या वर्गापुरते म्हणाल तर तिने एक पडदा लावून घेतला.

तेव्हा वाचकहो, आज दुपारी हा खेळ घरी जरूर खेळा. सगळ्यांचे उत्तर एकच आले की मुले टाळ्या पिटतील. त्या टाळ्या ओसरू द्या आणि मग मुलांना एवढेच विचारा, की बाबांनो, पाच अंक घेतले तर काय होईल? उत्तर सांगू नका. मी वर्गात हा प्रश्न घातला तेव्हा दुसऱ्या दिवशी प्रार्थना संपून बराच वेळ झाल्यावर तो मुलगा धापा टाकीत आला आणि त्याने माझ्यापुढे एक कागद ठेवला. सोयाबीन मोजून घातल्याची पावती होती. पुढच्या बाजूला क्विंटल, भाव आणि कपातीचे आकडे. मागच्या बाजूला बारीक अक्षरात पेन्सिलीने वजाबाक्या. शेवटी ५३९५५, मग ५९९९४, मग पुन्हा ५३९५५.

“हे काई थांबत नाई, गुरुजी,” तो म्हणाला. “दोघायमंधीच फिरते. पन मी अजून सारे आकडे पायले नाईत.”

पाच अंकांत असे तीन फेरे आहेत, एक दोन संख्यांचा आणि दोन चार-चार संख्यांचे, हे मला ठाऊक होते. मी ते त्याला सांगितले नाही. पावती त्याला परत दिली, कारण ती घरी लागणार होती, आणि त्याच्या हाती वहीचा एक कोरा कागद ठेवला.